शेगडी घरीच ठेवायची

प्रवासाला जायचं ठरलं की आपल्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा काय येतं? डोंगर नाही, समुद्रही नाही. येतात ते डबे! चिवड्याचा डबा, लाडवांचा डबा, चटण्यांच्या बाटल्या. निदान माझ्या तरी. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत जिथं जिथं गेलो, तिथं माझ्या स्वयंपाकघराचं एक धाकटं भावंड बरोबर आलंच.

माझ्या आईचंही तसंच. लहानपणी आम्ही सगळे कोल्हापुराहून गणपतीपुळ्याला गेलो होतो. वडील, काका, आत्या, आम्ही पोरं दिवसभर वाळूत, आणि आई खोलीत स्टोव्हला पिन करीत बसलेली. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "समुद्र कसा होता हो?" आई म्हणाली, "आवाज छान येत होता." आम्ही सगळे खो खो हसलो. पुढं घरात ती म्हणच पडून गेली. कुणाला काही धड बघायला मिळालं नाही, की आम्ही म्हणायचं, "आवाज छान येत होता!"

त्या वाक्याला हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला कळलं ते 2019 साली, विमानात बसल्यावर. लेक आणि जावई उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला असतात. लेकीच्या बाळंतपणासाठी मी आदल्या नोव्हेंबरात गेले होते ते फेब्रुवारीपर्यंत राहिले. तिकडचा हिवाळा म्हणजे दुपारी चारलाच दिवेलागण. त्यात बाळाची अंघोळ, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, तिन्हीत्रिकाळ स्वयंपाक. तिथून शंभरेक किलोमीटरवर अँट्रिमचा उत्तर किनारा. जगभरातून माणसं तो बघायला येतात. मी चार महिन्यांत बघितला तो खिडकीतून पाऊस. निघताना लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आई, तुला इथलं काहीच दाखवलं नाही गं." मी म्हटलं, "नात बघितली की!" बोलले खरी, पण विमान उडालं आणि आईचं वाक्य आठवलं.

म्हणून आता पुढच्या मे महिन्याचा बेत ठरतो आहे, आणि या खेपेला वही माझ्या हातात आहे. शंभर पानी, वर ठळक अक्षरात 'अँट्रिमचा किनारा'.

आमच्या ह्यांचा बेत निराळा होता. त्यांनी एका सहल कंपनीचं पत्रक आणलं होतं. अकरा दिवसांत सात देश! मी म्हटलं, "अहो, सात देशांतल्या बसच्या खिडक्याच बघायच्या ना? मला एकच किनारा बघायचाय, पण नीट." तिथं काय आहे ते सांगितल्यावर हे म्हणाले, "अगं, दगडच बघायचेत तर पन्हाळ्याच्या बाजूला बांदिवड्याला चल. एका दिवसात जाऊन येऊ."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्या किनाऱ्यावरची सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे जायंट्स कॉजवे. समुद्राच्या काठाला काळ्या दगडाचे सुमारे 40,000 खांब, एकाला एक खेटून उभे. बहुतेक षट्कोनी. 1986 साली युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला, थंड होताना आक्रसला आणि त्याला भेगा पडत गेल्या, त्यातून हे खांब झाले. गव्हाचं सत्त्व नाहीतर कॉर्नफ्लोअर ताटात वाळत घातलं की त्याला भेगा पडून तुकडे होतात ना, तसंच. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही असल्याच रसाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. असे खांब बांदिवड्याला आहेत, आणि मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तीही अशाच दगडाची. म्हणजे नात्यातलेच म्हणायचे!

मी म्हटलं, "चला मग बांदिवड्याला. माझ्या गुडघ्यांची परीक्षाही होईल." गेलो. गुडघ्याला पट्टा बांधून, दर दहा पावलांवर थांबत मी चढले. खांबांना हात लावून बघितला. हे म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "झालं. आता ह्यांच्या समुद्राकाठच्या भावंडांना भेटायचं." हे हसले, आणि पत्रक रद्दीत गेलं.

मग वही भरू लागली. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची लेक-सून तिकडे असेल तर उपयोगी पडावं म्हणून सांगते.

पहिलं पान व्हिसाचं. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या राज्याचा भाग, त्यामुळं लंडनला लागतो तोच पाहुण्यांचा व्हिसा. निघायच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. पण दक्षिणेकडचा आयर्लंड हा वेगळा देश, आणि रस्त्यावर चौकी नाही, फाटक नाही. डेरी शहराच्या थोडं पुढं गेलं की कळत-नकळत आपण दुसऱ्या देशात! आपल्या पासपोर्टला तिकडची परवानगी वेगळी बघावी लागते. दोन्ही देशांना एकच व्हिसा चालावा अशी एक सोय 2015 पासून भारतीयांसाठी आहे, पण तसा शिक्का आपल्या व्हिसावर आहे का, ते आधी बघायचं. ह्यांनी "तेवढं डोनेगलही करून येऊ" म्हटल्यावर मी वहीत तांबड्या शाईनं लिहिलं, 'शिक्का बघितल्याशिवाय नाही.'

दुसरं पान दिवसांचं. मेअखेर तिकडे रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते, तिला जोडून तीन रात्री. त्या दिवसांत गर्दी फार, म्हणून जागा लवकर धरायची. मुक्काम बॅलीकॅसल या गावी. तिथून बोटीनं रॅथलिन बेटावर जाता येतं. एप्रिलपासून जुलैपर्यंत तिथल्या कड्यांवर पफिन पक्षी असतात, रंगीत चोचीचे आणि चालताना डुलणारे. ही नातीची फर्माईश.

जाताना मुद्दाम किनाऱ्याचा रस्ता धरायचा. 1832 ते 1842 या दहा वर्षांत विल्यम बाल्ड नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली, कडे फोडून तो केला. त्याआधी इथल्या दऱ्यांतल्या लोकांना आपल्याच मुलखात आत जाण्यापेक्षा नावेनं स्कॉटलंडला जाणं सोपं वाटे. टॉर हेड नावाच्या टोकावरून हवा स्वच्छ असली की स्कॉटलंड दिसतं, जेमतेम वीस किलोमीटरवर.

कॅरिक-ए-रीडचा दोरांचा पूल हे तिसरं पान. लांबी वीस मीटर, खाली तीस मीटरवर समुद्र. सामन माशाच्या कोळ्यांनी तो पहिल्यांदा बांधला 1755 साली. तिकीट आधी काढायचं, आणि वारा सुटला की पूल बंद. म्हणून त्या दिवशीचा दुसरा बेतही लिहून ठेवला आहे. ह्यांना उंचीची भीती, पण ते ती कबूल करायचे नाहीत. "मी पिशव्या सांभाळतो" असं आत्तापासूनच म्हणताहेत!

कॉजवेच्या दगडांपर्यंत चालत जायला पैसे पडत नाहीत. पैसे आहेत ते गाडी लावायचे आणि माहितीकेंद्राचे. परतीचा चढ नको असेल तर छोटी बस मिळते. दगड ओले असले की शेवाळल्यासारखे घसरतात, म्हणून रबरी तळाचे बूट हवेत. आणि छत्री नकोच. तिथला वारा ती उलटी करून हातात देतो, असं लेकीनं बजावलंय. टोपीचा रेनकोट घ्यायचा.

या दगडांची एक गोष्ट मला फार आवडली. फिन मॅकूल नावाच्या राक्षसानं स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला समुद्रातून हा रस्ता बांधला म्हणे. पण पलीकडचा गडी बघितल्यावर ह्याची पाचावर धारण बसली. तो घरी पळत आला. मग त्याच्या बायकोनं, ऊनानं, नवऱ्याला बाळंत्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. एका कथेत तर तिनं भाकरीत लोखंडी तवा घालून ती पाहुण्याला खायला दिली, आणि त्याचे दात पडले! 'बाळच एवढं, तर बाप केवढा असेल' या भीतीनं तो राक्षस वाट उखडत पळाला. मी ही गोष्ट ह्यांना सांगितली आणि म्हटलं, "बघा, तिथंसुद्धा संसार बायकोनंच वाचवला." पण मनात आलं, राक्षस पळवायलाही तिला भाकऱ्या थापाव्याच लागल्या.

आता खरी अडचण सांगते. एका रविवारी फोनवर जावई मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आई, झकास घर बघितलंय. समुद्र समोर, आणि स्वयंपाकघर हे एवढं मोठं! चार बर्नर, ओव्हन. बाबांचे खाण्याचे हाल व्हायचे नाहीत." बिचाऱ्यांनी किती आपुलकीनं शोधलं होतं! सवयीनं माझ्या तोंडून "बरं झालं" निघून गेलं. तेवढ्यात मागं लेक दिसली. ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीचे डबे भरीत होती. काही बोलली नाही.

रात्री मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला फोन केला. विचारलं, "इतकी वर्षं तू तिथं आहेस. तो किनारा किती वेळा बघितलास?"

"तीनदा. पाहुणे आले की जातोच ना."

"मग कसा आहे?"

ती हसली. "आजीसारखंच गं. आवाज छान येत होता. पहाटे उठून सगळ्यांची सँडविचं करायची, मुलीला गाडीत भरवायचं, संध्याकाळी घरी येऊन वरणभाताचा कुकर."

ती हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. माझी लेक इंजिनिअर आहे, दिवसभर नोकरी करते. तिची आजी पिन करीत बसायची आणि ती कुकर लावते, एवढाच काय तो फरक? आणि मधली मी! दोघींच्या मध्ये बसून मी काय बदललं?

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "जावयांना सांगायचं, स्वयंपाकघर असलेली जागा नको. झोपायला खोली आणि सकाळची न्याहारी मिळेल असं घरगुती ठिकाण बघा. तीन दिवस लेक शेगडीपाशी जायची नाही आणि मीही नाही."

हे चमकले. "मग मी खाऊ काय?"

मी वही उघडली. सकाळी लापशी, टोस्ट, अंडी, तिथला सोडा ब्रेड आणि बटाट्याचा ब्रेड. दुपारी भाजीचं सूप, पण ते मांसाच्या पाण्यात तर केलेलं नाही ना, हे विचारून घ्यायचं. रात्री भाजलेला बटाटा, वर चीज नाहीतर बीन्स. जोडीला इथून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा. पेढे, तूप मात्र नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेऊ देत नाहीत.

हे काही बोलले नाहीत. दोन दिवस घरात नुसतं घड्याळ वाजत होतं. माझाही निश्चय डळमळला. छत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्या हातच्या जेवणाला कधी नावं ठेवली नाहीत. त्यांना आवडतं ते करून घालण्यात मला आनंद नव्हता असंही नाही. तो आनंद खरा आहे. पण समुद्रही खरा आहे ना?

तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले होते. परत येऊन बघते तर वही टेबलावर उघडी. 'खाणं' लिहिलेल्या पानावर खाली ह्यांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ होती, 'तीन दिवस बटाटा चालेल.' आणि त्याखाली, 'चटणी जास्त घेणे.'

त्याच रात्री जावयांना फोन केला. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आई, हे माझ्या लक्षातच आलं नाही." लगेच दुसरी जागा शोधायला लागले.

त्या किनाऱ्यावर डनलूस नावाचा पडका किल्ला आहे, कड्याच्या अगदी टोकाशी. 1639 साली एका वादळी रात्री त्याचं स्वयंपाकघरच समुद्रात कोसळलं आणि मालकिणीनं पुन्हा तिथं राहायला साफ नकार दिला, अशी दंतकथा आहे. लेकीनं ती मला फोनवर सांगितली आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ती म्हणाली, "आई, तिथं आपण दोघी निवांत बसायचं हं. बाबा आणि हे बघतील मुलीला."

वहीच्या शेवटच्या पानावर तेवढंच लिहिलंय. 'डनलूस. दोघी. बसणे.' परत आल्यावर शेजारणी विचारतीलच, समुद्र कसा होता? या खेपेला रंग कसा होता, तेही मला सांगता येईल.