भाज्याच्या पायथ्याशीं एक दिवस

योगवर्गाच्या शिक्षकास एक दिवसाचें शिबिर भरवावयाचें असेल, तर भाज्याची जागा उत्तम. पुण्याहून लोकलनें मळवलीस उतरावें. पुढें चालावयाचें अंतर थोडेंच. गेल्या श्रावणांत आम्ही १२ साधकांसह तेथें गेलों होतों. आसनें रिकाम्या पोटीं करावयाचीं, म्हणून पायथ्याच्या गांवीं एका घराची पडवी सकाळसाठीं आधींच ठरविली होती. पिठलें-भाकरी अभ्यास संपल्यावर. गुडघे दुखणाऱ्यांसाठीं घडीच्या खुर्च्याही नेल्या.

दुपारचे दोन तास आम्हीं मुद्दाम मोकळे राखले होते. डोंगरांतील २२ लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून कोरलीं गेलीं. पावसाळ्यांत भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें, असा वर्षावासाचा नियम. त्यांच्या कोठड्यांतले दगडी ओटे अजून तसेच आहेत. तेथें आम्हीं कांहीं शिकविलें नाहीं. मौन तेवढें पाळावयास सांगितलें. पत्नी गेल्यापासून रिकाम्या घराच्या धास्तीनें दिवसभर बाहेर हिंडणारे एक वृद्ध गृहस्थ एका लेण्याच्या ओसरींत पाऊस पाहत तासभर स्वस्थ बसले. उतरतांना म्हणाले, "आतां घरींही बसून पाहीन."

शिबिराचा आराखडा करणाऱ्यानें हवीं तर आसनें थोडीं कमी करावींत. हे दोन तास मात्र कापूं नयेत.