निशाणी डावा अंगठा

ज्या घरात सहीचा मान देवघराच्या खालोखाल होता अशा घरात माझे बालपण गेले. वडील खालापूरच्या कचेरीत कारकून होते. एके काळी कर्जत तालुक्याचा पेठा असलेले ते लहानसे गाव, आणि १९८१ साली रायगड हे नाव धारण करण्यापूर्वीचा तो कुलाबा जिल्हा. तेथील अर्ज, दाखले, जबान्या आणि पंचनामे यांच्या रुमालांत वडिलांची हयात गेली, आणि कोणताही कागद, मग तो वाण्याची पावती का असेना, हाती पडताच प्रथम त्याच्या तळाशी कोणाचे नाव आहे हे पाहण्याची जी खोड त्यांना जडली होती, ती वारसाहक्काने माझ्याकडे आली. त्यांनी ती कागदांपुरती ठेवली; मी ती चित्रे, मूर्ती, टोपल्या, सुपे अशा मनुष्याच्या हातून घडणाऱ्या यच्चयावत वस्तूंवर चालवली, आणि या मुलखात तिचे समाधान फार क्वचित झाले.

तिचा पहिला विषय आमच्या ओटीवरची लक्ष्मी. कमळावर उभी, चतुर्भुज, पाठीशी माळ धरलेला हत्ती. महाराष्ट्रातल्या सहस्रावधी घरांत होती तीच ही तसबीर, आणि तिच्यावर रविवर्म्याचे नाव. पुढे केव्हातरी मला कळले की राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना १८९९ साली घाटावर, लोणावळ्यापुढच्या मळवली स्टेशनाजवळ नेण्यात आला, थोड्याच वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि १९०६ साली रविवर्मा निवर्तल्यानंतरही त्याच्या नावाच्या तसबिरी तेथून निघतच राहिल्या. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, त्या दगडावर मूळ चित्रातला तेवढाच रंग उतरवून घेणारा निष्णात हात, आणि एकावर एक छाप बसताना पदर केसभरही न सरकू देणारा दुसरा हात. आमच्या लक्ष्मीच्या गालावरची कांती वस्तुतः त्या हातांची होती. मी ही हकीकत मोठ्या आवेशाने वडिलांना सांगितली तेव्हा त्यांना तीत काहीच वावगे दिसले नाही. कागद कारकून लिहितो आणि सही मामलेदाराची असते, एवढेच ते म्हणाले.

कर्जतच्या बाजारात ही खोड निरुपयोगी ठरे. मृगाच्या तोंडावर ठाकूर आणि कातकरी बाया वाड्यांवरून डोक्यावर टोपल्यांच्या उतरंडी घेऊन खाली येत आणि रस्त्याच्या कडेस मांडून बसत: सुपे, रोवळ्या, पाट्या, हारे, कोंबड्या झाकायची डालगी, आणि लावणीचे दिवस जवळ आले म्हणजे इरली. इरले म्हणजे बांबूच्या विणीच्या दोन पदरांत पाने दडपून केलेले, माथ्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारे आच्छादन. ते घेऊन ओणवे झालेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात, वारा त्याला उलथवू शकत नाही, आणि कर्जतच्या पावसात दिवसभर चिखलात उभे राहून भात लावायचा तर याहून शहाणी योजना मला आजतागायत दिसलेली नाही. पुढे पानांची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली, त्यानंतर इरलेच गेले आणि निव्वळ प्लॅस्टिक उरले. त्याबद्दल गळा काढण्याचा अधिकार चिखलात कधी न उतरलेल्या माझ्यासारख्याला नाही.

या वस्तूंवर सही कोठे शोधायची? सूप मी उलटेसुलटे करून पाहत असे, आणि आई माझ्या हातून ते काढून घेऊन, काठावरून बोट फिरवून, हे डोंगराकडच्या वाडीतल्या त्या तिरळ्या म्हातारीचे, असे निःशंकपणे सांगे. काठ वळवून बांधण्याची, बेळ बारीक वा जाड काढण्याची ज्याची त्याची रीत असे, आणि घेणारणीला ती ठाऊक असे. म्हातारीला सही करण्याचे कारण नव्हते, कारण तिचे गिऱ्हाईक तिला ओळखत होते. येथल्याच भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना कर्जत-३, कर्जत-१८४ अशी नावानिशी नोंद मिळाली. ते भात पाखडणारे सूप नोंदीवाचून राहिले, आणि आईच्या हयातीत त्याचे काही अडले नाही.

याच माणसांची दुसरी भेट कचेरीच्या व्हरांड्यात घडे. खैरापासून कात काढण्याचा कातकऱ्यांचा धंदा जंगलखात्याच्या निर्बंधांनी बुडाला, मग ते कोळसा पाडू लागले, त्यानंतर दिवाळी सरताच उचल घेऊन सहकुटुंब वीटभट्टीवर जाऊ लागले. आणि बांबू, ज्याच्यावर हे सारे विणकाम अवलंबून, तो १९२७ च्या वन कायद्याने वृक्ष ठरवून टाकला होता, सबब जंगलातली काठी परवान्यावाचून तोडणे हा गुन्हा होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत होय, ही गोष्ट सरकारदप्तरी पोहोचावयास फार अवधी लागला: २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याची गणना गौण वनोपजात झाली, आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून सुटला तो २०१७ साली. मधल्या काळात जबानी होई, मुचलका होई, आणि कागदाच्या तळाशी जांभळ्या शाईचा एक ठसा उमटे. त्याशेजारी वडील आपल्या वळणदार अक्षरात लिहीत: निशाणी डावा अंगठा, आणि पुढे त्या इसमाचे नाव. त्याचे नाव लिहिले जाण्याची ती एकमेव जागा. त्याच्या हातून जे उत्तम घडले ते निनावी बाजारात गेले, आणि जो त्याचा अपराध मानला गेला तो मात्र नाव, बापाचे नाव, वय, राहणार, अशा साद्यंत तपशिलाने दप्तरात सुरक्षित राहिला.

सरकारी अंमलदाराने कधी कर्त्याचे नाव चांगल्या कारणासाठी विचारलेच नाही, असे मात्र नाही. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सासवणे गावी एका पोराने भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, हे कोणाचे काम म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि तो मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचला. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा घडवणारे विनायक पांडुरंग करमरकर ते हेच. अशी चौकशी आणखी किती भिंतींपुढे व्हावयास हवी होती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कोंढाण्याची लेणी मी प्रथम पाहिली ती कॉलेजात असताना. सिंहगडाशी त्यांचा संबंध नाही. कर्जतहून कोंदिवड्यास जावे, आणि तेथून राजमाचीच्या पायथ्याचे रान चढून वर यावे. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याचा पडदा लेण्यावर कोसळत असतो. चैत्यगृहाचे खांब बहुतेक मोडून गेले आहेत, पण दर्शनी भागावरच्या पट्टीत नृत्य करणारी स्त्रीपुरुषांची युग्मे अद्याप आहेत, आणि त्यांच्या अंगविक्षेपांत असा काही मोकळेपणा आहे की हे भिक्षूंचे वसतिस्थान होते याचे क्षणभर विस्मरण व्हावे. एका बाजूस एका भव्य यक्षमूर्तीचे केवळ मस्तक उरले आहे, आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा आशय.

ही ओळ किती दुर्मीळ आहे हे कळण्यासाठी घाट चढून त्याच मळवली स्टेशनावर उतरले पाहिजे. कार्ल्याच्या चैत्यात लेखांची वाण नाही, परंतु ते दात्यांचे: वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केले म्हणून सांगतो, आणि ज्यांनी छिन्नी धरली त्यांच्याविषयी चकार शब्द काढीत नाही. द्रव्य ज्याचे, नाव त्याचे, हा नियम आमच्या वडिलांना पूर्ण मान्य झाला असता. कोंढाण्याला तो मोडला आहे. मराठवाड्याच्या सीमेवरील पितळखोऱ्याच्या यक्षावरही कण्हदास नामक सोनाराने आपले नाव घातले आहे, आणि हा कण्हदास म्हणजे आपल्या बलकाचा गुरूच असेल काय, असा मोह होतो. पुराव्यावाचून तो आवरलेला बरा. मला विशेष वाटते ते निराळेच. या माणसाने आयुष्यात एकदाच सही करण्याची संधी साधली, आणि त्या चार शब्दांत पहिला मान गुरूला देऊन, बापाचा, गावाचा वा जातीचा उल्लेख न करता, आपली विद्या कोठून आली एवढेच सांगितले.

नोकरीच्या काळात मुंबईच्या चित्रशाळा हिंडलो. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनाच्या पायऱ्या चढलो, प्रत्येक चित्राखाली नावाची चिठ्ठी पाहून वारशाने आलेली खोड तृप्त झाली, आणि शेवटची कर्जत लोकल गाठण्याच्या घाईत पुष्कळ चित्रे पाहावयाची राहिली.

आता कलादालनेच कर्जतला येऊ लागली आहेत. भातखाचरे विकली गेली, तेथे बंगले, विश्रामगृहे आणि चित्रकारांची शिबिरे उभी राहिली. चौक गावाकडून कर्जतला येणाऱ्या रस्त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या चित्रनगरीत किल्ले आणि दरबार तिकिटावर पाहावयास मिळत. मला त्या तटबंदीच्या दर्शनापेक्षा तिची पाठ अधिक प्रिय झाली, कारण तेथे प्लास्टर संपून सुतार-गवंड्यांचे खरे कसब उघडे पडलेले असे. देसाई २०२३ साली गेले. कलादिग्दर्शकाचे नाव पडद्यावर येते, सुतारांचे येत नाही. पण मुदपाकखान्यात कोण कोण राबले हे पंगतीला सांगण्याचा प्रघात आपल्याकडे कोठे आहे?

अशाच एका नव्या दालनात, नाव सांगत नाही, पांढऱ्या भिंतीवर स्वतंत्र दिव्याखाली एक सूप टांगलेले पाहिले. मांडणी सुरेख होती; सुपाची वीण इतक्या शांतपणे मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. शेजारच्या चिठ्ठीवर ‘आदिवासी कला, कर्जत परिसर’ एवढाच मजकूर होता, आणि त्यापुढच्या तैलचित्राखाली चित्रकाराचे नाव, जन्मसाल, शिक्षण, पारितोषिके असा सबंध परिच्छेद. सूप कोणाचे, म्हणून मी विचारले. व्यवस्थापक सौजन्यशील होते. त्यांनी बिल काढून दाखवले. शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून ते आणले होते. जे सूप तीन-चार कोसांवरच्या वाडीत विणले गेले असावे ते शहराची यात्रा करून आले होते, आणि या यात्रेत त्याची ओळख गळून पडली होती. आईला ते दाखवता आले असते तर तिने काठावरून बोट फिरवून पत्ता सांगितला असता. ती ओळख आता बाजारात कोणाकडेच नाही, आणि ती नसेल तेथे नाव लिहिण्यावाचून इलाज नाही असे मी आता मानतो. समूहाचे नाव लिहून व्यक्तीचे ऋण फिटत नाही.

त्याच आठवड्यात कर्जतच्या बाजारात एका ठाकूर बाईकडून सूप घेतले आणि हे कोणी शिकवले म्हणून पृच्छा केली.

“सासूनं,” ती म्हणाली, “आनि तिला तिच्या आयनं.” दोघींची नावे तिने गावांसकट सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली आणि तिचेही नाव विचारले, तेव्हा तिला शंका आली.

“लिवून कशाला घेता, बाबा? पंचायतीतनं आलाव का?”

मी म्हटले, “सुपाच्या पाठीवर तुझं नाव घालावं म्हणतो.”

“नाव कशाला पायजे? काठ उसवला तर वाडीवर या. कोनीबी घर दावंल.”

पैसे कमी होत नाहीत, हे तिने मी विचारण्यापूर्वीच सांगून टाकले, आणि नाव सांगितले ते पैसे मोजून घेतल्यावर.