रविवारची पट्टी

परोपकाराची हौस मनुष्यास कोणत्या वयात लागेल याचा नेम सांगवत नाही. आम्हांस ती पेन्शन घेतल्यानंतर दुसऱ्या वर्षी लागली. तोपर्यंत आमचे रविवार दाढी, वर्तमानपत्र व दुपारची झोप यांत मोठ्या सुखाने जात असत. एके दिवशी वाचनालयातील आम्हां चौघा स्नेह्यांच्या बैठकीत असे ठरले की, गावाबाहेर नाल्यापलीकडे कुष्ठरोग्यांची जी वस्ती आहे तेथे जाऊन काही सेवा करावी; आणि बैठकीचे अध्यक्षस्थान आमच्याकडे असल्यामुळे आम्हांस माघार घेता येईना. आमच्या लोकसेवेचा उगम एवढाच आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे; नाहीतर पुढील मजकूर वाचून वाचक आमच्याविषयी नको तो आदर बाळगावयाचे.

आमचे गाव वऱ्हाडातले. नाल्यावरचा पूल ओलांडला की रस्ता सरळ कापसाच्या बाजाराकडे जातो आणि डाव्या हातास एक पाऊलवाट खाली उतरते. त्या वाटेच्या टोकाशी टिनाच्या छपरांची तीसेक घरे, एक हातपंप, एक कडुनिंब आणि मारुतीचे लहानसे देऊळ. पूल आम्ही पस्तीस वर्षे ओलांडीत होतो; डावीकडे मात्र कधी वळलो नव्हतो. ही वस्ती कोणी स्थापन केलेली नाही. घरच्यांनी बाहेर काढलेला एक मनुष्य नाल्याकाठी येऊन बसला, मग दुसरा आला. पुढे त्यांची आपसांत लग्ने झाली, मुले झाली. मुलांस रोग नाही. पण शाळेत पत्ता सांगताना ती पुलाचे नाव सांगतात, वस्तीचे सांगत नाहीत. अशा आपोआप वसलेल्या वस्त्या आपल्या देशात शेकड्यांनी आहेत.

पहिल्या रविवारी आम्ही बारा डझन केळी, बिस्किटांचे पुडे आणि छायाचित्रे काढण्यासाठी एक पुतण्या इतका सरंजाम घेऊन गेलो. एका म्हातारीने केळी पदरात घेतली, छायाचित्रासाठी उभीही राहिली, आणि मग म्हणाली, "केळं बरं आहे भाऊ, पण पट्ट्या आणल्या काय?" आम्ही पट्ट्या आणल्या नव्हत्या. पट्ट्या लागतात हेच आम्हांस ठाऊक नव्हते. आमच्या समजुतीप्रमाणे तर हा रोग देशातून केव्हाच गेला होता. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशाने कुष्ठरोगनिर्मूलनाची मजल गाठली, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. निर्मूलन याचा सरकारी अर्थ दर दहा हजार वस्तीमागे एकाहून कमी रुग्ण, समूळ नाश नव्हे, आणि अद्यापि दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आपल्या देशात आढळतात, हे त्या वेळी आमच्या लक्षात आले नव्हते. मथळा वाचून पान उलटण्याची आमची जुनी खोड आहे.

पट्टी कशी बांधावी हे आम्हांस एका निवृत्त परिचारिकाबाईंनी शिकविले. ही विद्या दिसते तितकी सोपी नाही. प्रथम घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात पाय वीसएक मिनिटे बुडवून ठेवावयाचा, म्हणजे वाळून लाकडासारखी झालेली कातडी मऊ पडते. मग जखमेच्या काठाशी जमलेला जाड घट्टा हलक्या हाताने खरवडून काढावयाचा. कारण तो तसाच राहिला तर जखम वरून मिटल्यासारखी दिसते आणि आतून वाढत जाते. नंतर पाय टिपून, भोवतालच्या कातडीस तेल लावून, जखमेवर निर्जंतुक जाळीचे कापड ठेवून पट्टी बांधावयाची, फार घट्ट नव्हे, फार सैल नव्हे. बाईंनी आमची पहिली पट्टी पाहून म्हटले, "ही पट्टी पायाला आहे की फेट्याची घडी आहे?" दुसरी त्यांनी न बोलता स्वतः सोडून बांधली. सातव्या की आठव्या खेपेस त्यांनी मान हलविली, आणि त्या दिवशी घरी येताना आम्हांस मॅट्रिक पास झाल्यासारखे वाटले.

भीतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. या रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी शोधून काढला. तो स्पर्शाने पटकन लागत नाही, दीर्घ व निकटच्या सहवासात श्वासावाटे पसरतो. बहुतेक मनुष्यांच्या अंगी त्यास तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. आणि सहा किंवा बारा महिन्यांचे बहुविध औषधोपचार घेतले म्हणजे रोगी पुरता बरा होतो. हे सारे आम्ही छापील पत्रकांत वाचले होते. पण पत्रक डोळ्यांनी वाचावयाचे असते आणि पट्टी बोटांनी बांधावयाची असते. पहिले दोन महिने आमच्या सौभाग्यवती आमच्यासाठी मागील दारी बादली व साबण काढून ठेवीत, आणि खरे सांगावयाचे तर त्यांनी तो ठेवला नसता तर आम्हीच मागितला असता. वरोऱ्याच्या आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी आपली पहिली भीती कधी लपविली नाही. पावसात पडलेला तुळशीराम नावाचा मरणोन्मुख कुष्ठरोगी पाहून आपण प्रथम पळून गेलो होतो, असे ते स्वतः सांगत. ते परत वळले, यात त्यांचे मोठेपण. पळाले, यात आमच्यासारख्यांचा दिलासा.

पट्टीसाठी आमच्या वाट्यास जे पाय आले त्यांत पहिल्या घरातील बाबाजींचा डावा पाय मुख्य. बाबाजी सत्तरी ओलांडलेले. १९७२ च्या दुष्काळाच्या साली अंगावर चट्टे दिसले म्हणून त्यांस भावांनी घराबाहेर काढले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी नव्या औषधांनी ते बरे झाले, तसा दाखलाही त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. परंतु रोगाने जाण्यापूर्वी हातापायांच्या नसा मारून टाकल्या होत्या, आणि मेलेली नस कोणत्याही गोळीने जिवंत होत नाही. तळपायास खडा बोचला, काटा शिरला, निखारा लागला, तरी त्यांस कळत नसे. वेल्लोर येथील शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी रोग्यांची बोटे का झडतात याचा बारकाईने तपास केला, तेव्हा त्यांस आढळले की, बोटे रोगाने सडून गळत नाहीत. वेदना नसल्यामुळे रोजच्या भाजण्याकापण्याकडे दुर्लक्ष होऊन ती जातात. काहींची बोटे तर रात्री निजेत उंदीर कुरतडीत आणि सकाळपर्यंत पत्ता नसे; म्हणून ब्रँड यांनी रोग्यांस मांजरे पाळावयास दिली. ही हकीकत आम्ही बाबाजींस सांगितली तेव्हा ते हसले आणि कोपऱ्यातील मांजरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग आमची काय फुकट दूध पिते काय?" ते बोट पेऱ्याएवढे उरले होते.

अशा पायास खरे औषध विश्रांतीचे. पण बाबाजींच्या पाच शेळ्या होत्या, आणि शेळ्यांस रविवार नसतो. मऊ रबराच्या एमसीआर चपला त्यांस मिळाल्या होत्या. त्या ते वस्तीत घालीत आणि बाजारात जाताना काढून दुकानातल्या साध्या घालीत. आम्ही रागावलो तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, त्या चपला पाहिल्या की दुकानदार पैसे हातात न देता फळीवर ठेवतो. यावर पायाच्या हिताचे व्याख्यान कसे द्यावे हे आम्हांस सुचले नाही.

पट्टी झाली की बाबाजी चहा ठेवीत. "घ्या भाऊ, घोटभर." आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते की, आम्ही चहा सोडला आहे. ही थाप मारताना आमची जीभ अडखळली नाही, याचे आम्हांस आजही नवल वाटते. त्या जखमेस हात लावावयास आम्ही शिकलो होतो. त्या हातचा पेला तोंडास लावणे मात्र निराळे. काही आठवड्यांनी एका बुधवारी सकाळी पुलाजवळच्या टपरीवर आम्ही बशीत ओतून चहा पीत उभे असता शेळ्या हाकीत बाबाजी समोरून गेले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, बशीकडे पाहिले, रामराम घातला आणि पुढे गेले. पुढच्या रविवारी त्यांनी चहा विचारला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. असे तीन महिने गेले. शेवटी पौषातल्या एका थंड सकाळी आम्हीच म्हटले, "बाबाजी, आज चहा नाही का?" ते उठले, चूल फुंकली, आणि पेला पुढे करीत म्हणाले, "लागला वाटते पुन्हा चहा." चहात साखर फार होती. आम्ही दोन पेले घेतले.

येथपर्यंतची हकीकत सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही. पुढची सांगितल्यावाचून हा लेख खोटा ठरेल.

वैशाखात लग्ने आली. एका रविवारी भाचीचे लग्न नागपुरास, दुसऱ्या रविवारी तिची पाठवणी, तिसऱ्या रविवारी ऊन लागून आम्ही आडवे. चौघांपैकी प्रत्येकास वाटत होते की उरलेल्या तिघांपैकी कोणीतरी जात असेल. परिचारिकाबाई मुलाकडे पुण्यास गेल्या होत्या. मिळून सहा रविवार वस्तीत कोणीही गेले नाही. सातव्या रविवारी आम्ही पट्ट्यांची पिशवी घेऊन वाट उतरलो तेव्हा बाबाजी खाटेवर बसून शेळीस पाला चारीत होते. पायास आम्हीच बांधलेली पट्टी होती, सहा आठवड्यांची. ती सोडण्यापूर्वीच वासावरून आम्ही समजलो. आत किडे पडले होते आणि टाचेचे हाड दिसत होते.

"बाबाजी, निरोप का नाही धाडला?"

"काहून धाडू भाऊ? दुखत त नव्हतं. दुखलं असतं त धाडला असता."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर आम्हांस बरे वाटले असते. जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात नेल्यावर चवथ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही जो विचार केला तो हा की, ज्या पायास स्वतःची वेदना नाही त्याची वेदना म्हणजे दर रविवारी तो उलटून पाहणारा मनुष्य. आम्ही दया करावयास जात होतो अशी आमची समजूत होती. दयेशी त्या पायास काही कर्तव्य नव्हते. त्यास आठवड्याचे आठवड्यास पाहणारे डोळे हवे होते, आणि ते सहा आठवडे लग्नाच्या पंक्ती पाहत होते.

या क्षेत्रात आमच्या विदर्भात मोठी माणसे होऊन गेली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उघडले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन उभारले. बाबांचे आनंदवन त्यानंतरचे. सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्र्यांचे अंग स्वतः चोळीत, आणि शास्त्रीबोवांची कुटी आश्रमातच होती. ही सारी मंडळी रोग्यांकडे जात नसत, रोग्यांत राहत. आम्ही जातो. राहणाऱ्याचा एखादा दिवस चुकला तरी संध्याकाळी तो तेथेच असतो. जाणाऱ्याचा दिवस चुकला म्हणजे तो चुकलाच. आमच्यासारख्या संसारी मनुष्याने सर्वस्व सोडून नाल्याकाठी राहावे असे आमचे म्हणणे नाही, आणि आमच्याने ते होणारही नाही. पण रविवारच द्यावयाचा तर तो लग्नसराईतही द्यावा लागतो.

त्यानंतर व्यवस्था बदलली. वस्तीतील दोन बायका व बारावी झालेली एक मुलगी यांस बाईंनी पट्टी शिकविली. त्या ती रोज बांधतात आणि आमच्याहून चांगली बांधतात. एका वहीत प्रत्येकाचे पाय तपासल्याची नोंद होते. आमच्याकडे आता सामान आणून देणे आणि कचेऱ्यांतून उभे राहणे ही कामे आली आहेत. दुसरे काम अधिक कठीण. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून निघाले. पण ज्याच्या हातास बोटेच उरली नाहीत त्याने यंत्रावर अंगठा कसा टेकवावा हा प्रश्न खिडकीशी अजून उभा असतो. नियमात त्यास पर्याय आहे. तो खिडकीमागील गृहस्थास वाचून दाखविण्यात आमचे दोन सोमवार गेले.

बाबाजींस कृत्रिम पाय मिळाला आहे. शेळ्या आता शेजारचा मुलगा चारतो. आम्ही गेलो की ते प्रथम तो पाय काढून खुंट दाखवितात, मग उरलेला उजवा पाय आमच्या मांडीवर ठेवून म्हणतात, "हा एकच आहे भाऊ, नीट पाहा." मुलीने सकाळी पाहिलेला असतो, वहीत नोंद असते, तरी आम्ही चष्मा पुसून बोटांच्या बेचक्या, टाच, घोट्याची मागील बाजू अशी सारी पाहतो. गेल्या रविवारी टाचेच्या कडेस ज्वारीच्या दाण्याएवढी भेग दिसली. बाबाजींस तिची वार्ता नव्हती. ते मांजरीशी बोलत होते. आम्ही घमेले पुढे ओढले आणि मुलीस पाणी आणावयास सांगितले.