कुसुंबाच्या भेटीला

खानदेशातील डोंगर दिवाळीत रंगत नाहीत. ते होळीच्या सुमारास रंगतात. एवढी साधी गोष्ट धुळ्याच्या एका मुलीला उमगण्यासाठी एक सहल वाया जावी लागली.

तिच्या घरातील भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली होती. ऑक्टोबरच्या पानावर कोणत्या तरी थंड देशातील सरोवराचे चित्र होते. सरोवराभोवती दाट झाडी होती आणि तिच्यात औषधालासुद्धा हिरवे पान नव्हते. कोठे शेंदरी, कोठे पिवळा, कोठे डाळिंबी असा सारा काठ पेटल्यासारखा दिसत होता. चित्राखाली 'शरद ऋतू' असे छापले होते. मुलीने विचार केला, शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक. तेव्हा आपल्याकडचे डोंगरही दिवाळीच्या सुटीत असेच दिसत असणार. तिने आजी-आजोबांना गळ घातली. घरात आजोबांच्या जुन्या सायकलीखेरीज दुसरे वाहन नव्हते. पण धुळ्याहून चाळीसगावला आगगाडी जाते आणि तेथून पाटणादेवीच्या डोंगरापर्यंत एस. टी. मिळते. २०२४ च्या दिवाळीत तिघे पाटणादेवीला जाऊन आली.

देवीचे दर्शन झाले, ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवून झाले. परंतु डोंगर हिरवागार होता. साग हिरवा, पळस हिरवा. पिवळे झाले होते ते केवळ गवत. मुलगी हिरमुसली. त्यावर आजी हसून म्हणाली, "अगं पोरी, पावसाने पाजलेले पाणी अजून मुळाशी आहे. झाडाला पाने टाकायची एवढी घाई कशाला? आपला डोंगर होळीला बघावा."

आजीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. थंड देशांत किंवा आपल्या काश्मीरमध्ये चिनाराचे पान लाल होते, ते हिवाळ्याच्या चाहुलीने. दिवस लहान होतात, थंडी वाढते, आणि झाड पानातील हिरवे द्रव्य मोडून त्यातील उपयोगी अंश माघारी घेते. मग आतापर्यंत हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि काही झाडांच्या पानांत नवा लाल रंग तयार होतो. सातपुड्यातील झाडांना थंडीचे भय नाही, भय आहे ते तहानेचे. पाऊस सप्टेंबरनंतर ओसरतो आणि जूनपर्यंत पुन्हा फिरकत नाही. पानांवाटे पाणी सारखे उडून जात असते. म्हणून जमीन वाळू लागली की झाड देठाच्या मुळाशी एक पातळ पडदा उभारते आणि पान गळून पडते. साग, सालई, अंजन ही झाडे अशी एकामागून एक उघडी होत जातात. म्हणजे आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. चित्राखाली छापलेला ऋतू खोटा नव्हता. तो दुसऱ्या देशाचा होता.

परतीच्या आगगाडीत आजीने एक गोष्ट सांगितली. ती तिने पूर्वी कोणालाच सांगितली नव्हती. तिचे माहेर सावद्याचे. अकरा वर्षांची असताना वडिलांबरोबर बैलगाडीतून ती खिरोद्यावरून पालच्या डोंगरात गेली होती. चढणीच्या एका वळणावर, नाल्याच्या काठी, एक कुसुंबाचे झाड उभे होते. भोवतालचे सारे रान निष्पर्ण, करडे. आणि ते एकटे झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लाल. फुलांनी नव्हे, पानांनी! "मी वडिलांना विचारले, हे झाड वाळते आहे का? ते म्हणाले, नाही, हे आत्ताच जन्मले आहे."

थंड देशातील पान मरताना लाल होते. कुसुंबाचे पान जन्मताना लाल असते. कोवळ्या पानात हिरवे द्रव्य पुरते भरलेले नसते आणि फाल्गुनाचे ऊन तर कडक. ते ऊन सोसण्यासाठी झाड पानाला लाल रंगाची छत्री देते, असे शास्त्रज्ञ मानतात. पान मोठे झाले की ते हिरवे होते. हा सोहळा थोड्या दिवसांचा असतो. तेवढे दिवस चुकले की वर्षभर थांबावे लागते. आजी अशी पन्नास वर्षे थांबली होती.

मुलीने त्याच रात्री एक कोरी वही काढली.

पहिली अडचण आजीच्या डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कुंकू आणि हळद तिला वासावरून ओळखावी लागत नसे एवढेच. पण रंग सारे मळकट दिसत. अशा डोळ्यांनी कुसुंब पाहून काय उपयोग? शस्त्रक्रिया गुढीपाडव्यानंतर करावी, असे घरात ठरत आले होते. मुलीने हिशेब मांडला. पाडव्यानंतर डोळा बरा होईल, पण तोवर पाने हिरवी झालेली असतील. तिने आजोबांच्या मागे लागून शस्त्रक्रिया माघात करवून घेतली. डॉक्टरांनी एकाच डोळ्याची केली, दुसरा पावसाळ्यानंतर पाहू म्हणाले. आणि महिनाभर धुळीत जाऊ नका, असे बजावले. तो महिना १० मार्चला पुरा होत होता. २०२५ ची होळी १३ मार्चला आणि धुळवड १४ ला. त्याआधीचा आठवडा सातपुड्यात भोंगऱ्या बाजारांचा. त्या दिवसांत एस. टी.त उभे राहायलाही जागा मिळणे कठीण, आणि पायऱ्या चढताना आजीचे गुडघे दुखत. राहिले शनिवार-रविवार, १५ आणि १६ मार्च. वहीत या दोन दिवसांभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ पडले.

दुसरी अडचण वाटेची. भाड्याची मोटार आजीने ऐकताक्षणी नाकारली. आगगाडीने जावे तर धुळ्याहून आधी दक्षिणेला चाळीसगाव आणि मग वळून जळगाव, असा मोठा वळसा पडतो. एस. टी. मात्र पारोळा, एरंडोल करीत सरळ जळगावला जाते. तिकिटांचा हिशेब मोठा गमतीचा झाला. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस. टी.च्या प्रवासात महिलांना अर्धे तिकीट आहे. आजीला अर्धे, नातीला अर्धे. पुरे तिकीट फक्त आजोबांना. ज्येष्ठांची सवलत पासष्टीपासून, आणि आजोबा चौसष्टच वर्षांचे! "या सहलीत मीच काय तो श्रीमंत," असे म्हणून त्यांनी पैसे मोजून ठेवले.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिघे निघाली. पिशवीत कळण्याच्या भाकरी, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि आजीचा काळा चष्मा. वाटेत कापूस वेचून झालेल्या शेतांत पऱ्हाट्यांचे भारे रचलेले दिसत होते. जळगावला गाडी बदलली. तापी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, आणि मुलगी क्षणभर गोंधळली. पुन्हा हिरवेच! परंतु ती हिरवाई विहिरींच्या पाण्यावर पोसलेली होती. तिच्या पलीकडे, क्षितिजाला टेकून, सातपुडा तांबूस-करडा पडला होता.

मुक्काम आजीच्या भाच्याकडे झाला. सकाळी त्याने मोटारसायकल पुढे केली. तिच्यावर दोघांच्या वर बसता येईना, आणि आजीला तर एका बाजूला पाय सोडून बसणे जमेना. शेवटी सकाळची पालची एस. टी. गाठली. वहीतील बेत असा होता की, गाडी पालपर्यंत जाऊन काही वेळ थांबते आणि त्याच रस्त्याने परतते. तेव्हा वळणावर उतरावे आणि परतताना तीच गाडी पकडावी. मुलीने वाहकाला तसे विचारले. तो म्हणाला, "तासाभरात येतो. पण रस्त्यावर उभे राहा, बाई. मला हाका मारायला वेळ नाही."

खिरोदा मागे पडले आणि चढण लागली. सागाची पाने तव्याएवढी, वाळून खाली पडलेली. चाकाखाली ती पापडासारखी मोडत. सालईच्या पिवळट साली पापुद्र्यांनी सुटल्या होत्या. पळस फुलला होता, पण आजीचे तिकडे लक्ष नव्हते. ती खिडकीशी सरकून वळणे मोजत होती. एका नाल्यापाशी तिने हात वर केला.

गाडी निघून गेली. धूळ खाली बसली. वळण तेच होते, नाला तोच होता, झाड नव्हते. ज्या जागी ते असायला हवे तेथून डांबरी रस्त्याची कड गेली होती. आजी काही बोलली नाही. आजोबांनी उगाच पाण्याची बाटली उघडून पुन्हा बंद केली. मुलीला वाटले, आपल्या वहीत सारे काही होते. फक्त झाड आहे की नाही, हे विचारायचे राहिले.

थोड्या अंतरावर एक बाई मोहाखालचा पाचोळा खराट्याने बाजूला सारीत होती. मोहाची फुले आता गळू लागतील, ती स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून. पुष्कळ ठिकाणी हा पाचोळा पेटवून देतात, आणि वारा फिरला की ती आग रानात शिरते. ही बाई मात्र सावकाश झाडीत होती. आजीने तिला कुसुंबाची खूण सांगितली. बाईने खराटा टेकला आणि म्हणाली, "ते म्हातारे झाड वादळात पडले, माय. फार दिवस झाले. पण त्याचे पोर आहे ना, नाल्याच्या खालच्या अंगाला."

उतार पन्नास-साठ पावलांचाच होता, पण आजीला त्याला दहा मिनिटे लागली. एका हाताला नात, एका हाताला आजोबा. नाल्याच्या कोरड्या गोट्यांपलीकडे ते झाड उभे होते. फार मोठे नव्हते. दोन पुरुष उंच असेल. भोवतालच्या उघड्या फांद्यांमध्ये ते नखशिखांत लाल होते, आणि ऊन पाठीमागून येत असल्यामुळे प्रत्येक पानातून उजेड गाळून येत होता.

आजीने काळा चष्मा काढला. मग तिने बरा झालेला डोळा तळहाताने झाकला आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्याने झाडाकडे पाहिले. "तांबूस मातीसारखे दिसते," ती म्हणाली. नंतर तिने हात दुसऱ्या डोळ्यावर नेला, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आजी, आता कसे दिसते?" मुलीने विचारले.

"वडिलांनी दाखवले होते तसे."

मुलीने खाली गळलेले एक लहानसे पान उचलून वहीत ठेवले. वर रस्त्यावर, पालच्या बाजूने, गाडीचा भोंगा ऐकू आला. आजोबा घाईघाईने चढणीला लागले आणि दोन्ही हात हलवीत रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. आजी अजून झाडाकडेच पाहत होती. वाहकाने त्या दिवशी दोन मिनिटे हाका मारल्या.