सपरीपासून धुऱ्यापर्यंत

आमच्या सपरीच्या खांबाला एक काळी, पीळदार तार बांधलेली आहे. ती गोठ्याला वळसा घालते, विहिरीजवळच्या मोहाला टेकते आणि पहिल्या बांधीच्या धुऱ्यावर रोवलेल्या खुंटाशी संपते. उंची माणसाच्या कमरेइतकी. अंतर एकशे बारा पावलं. पावलं आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मोजलेली आहेत, म्हणून आकड्यात चूक नाही.

काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यालाही नुसता उजेड-अंधार कळू लागला तेव्हा बाबा आणि काकांनी ठरवलं की आता आबाजींनी एकट्यानं शेताकडे जायचं नाही. आबाजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी भंगारवाल्याकडून टेलिफोनच्या जुन्या तारेचं भेंडोळं आणवलं, दोन दिवस सपरीत बसून ते हातानं तपासलं आणि तिसऱ्या दिवशी आजीला सोबत घेऊन तार ओढली. चौथ्या दिवशी पहाटे त्यांची बाज रिकामी होती. ते धुऱ्यावर बसून बांधीतल्या बेडकांचं ऐकत होते.

ही युक्ती त्यांना शेतीनं शिकवलेली नव्हती. ते सैन्याच्या सिग्नलमध्ये लाइनमन होते.

1962 च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी आबाजी भरती झाले, वय एकोणीस. तेव्हा आमचा सडक अर्जुनीचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला, त्यामुळे त्यांच्या डिस्चार्ज बुकावर शेवटपर्यंत भंडाराच राहिलं. सौंदडहून छोट्या लाइनीनं गोंदिया, तिथं उतरून पुन्हा छोट्याच लाइनीनं बालाघाट, नैनपूर करत जबलपूर. गाडी इतकी हळू चालायची की चढावर पोरं उतरून बाजूनं चालत, असं ते सांगायचे. जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये ते तार जोडायला शिकले. आधी गाठ मारायची, मग तांब्याचे पदर एकमेकांत पिळायचे, वरून टेप. ओढ गाठीनं सोसायची, आवाज तांब्यानं न्यायचा. हे वाक्य मी लहानपणी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

त्यांची नेमणूक झाली 4 माउंटन डिव्हिजनच्या सिग्नलमध्ये, दंडावर लाल गरुड. हीच डिव्हिजन 1962 ला चिनी हल्ल्यापुढं नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, मोडून पडली होती. आबाजी म्हणायचे, तिथले जुने लोक त्याबद्दल बोलत नसत, पण रात्री झोपेत कोणीतरी बरळायचं.

1965 च्या सप्टेंबरात ही डिव्हिजन पंजाबात खेमकरणच्या पुढे होती. पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे आले, खेमकरण गेलं, आणि आपले लोक मागे सरकून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालासारखे बसले. 8 ते 10 सप्टेंबर असे तीन दिवस ती लढाई चालली. उसाच्या उभ्या शेतांत रणगाडे आणि तोफा दडवल्या होत्या, आणि कालवे फोडून समोरच्या रानात पाणी सोडलं होतं. पॅटन त्या चिखलात रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं रणगाडे उडवले आणि 10 तारखेला तिथंच प्राण दिले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. पाकिस्तानचे जवळजवळ शंभर रणगाडे त्या मैदानात मोडले किंवा सोडून दिले गेले. त्यातले कितीतरी पुढं भिखीविंडला ओळीनं मांडले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं. आबाजींनी सांगितलेली लढाई वेगळी होती. तिच्यात रणगाडा जवळजवळ नव्हताच, तार होती. जमिनीवर टाकलेली टेलिफोनची तार तोफगोळ्यानं तुटायची, आपल्याच गाड्यांच्या चाकाखाली तुटायची. तार तुटली की मागच्या तोफांना पुढचं काही कळत नाही. मग दोघंजण निघायचे. दिवा लावायची सोय नाही. तार मुठीत सैल धरायची आणि चालत राहायचं. ती ओली लागते, कुठं खरचटलेली लागते, आणि एका जागी हातातून सुटून जाते. तिथं खाली बसून चिखलात दुसरं टोक चाचपडायचं. मिळालं की इन्सुलेशन दातानं सोलायचं, जोडायचं, फोन लावून हँडल फिरवायचं आणि विचारायचं, ‘आवाज येतो का?’ अशा एका रात्रीत त्यांनी सात जोड दिले.

मी एकदा विचारलं, ‘‘आबाजी, भीती नाही वाटली?’’

‘‘वाटे ना. पन हातात तार होती माय. तार धरली का मानूस कोनाचा तरी असते.’’

दुसरं एक वाक्य मला अजून सोडत नाही. टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमात पाणी सोडून रणगाडे फसवल्याचं वर्णन चाललं होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे अभिमानानं बघत होतो. ते म्हणाले, ‘‘बांधीत पानी भरलं का आपला बैल बी फसते, टँकाचं का घेऊन बसलात. पन ऊस उभा होता ना कोनाचा तरी. वर्साची मेहनत होती थे.’’ आणि उठून बाहेर गेले. पाणी सोडायला हवं होतं, त्यावाचून ती लढाई जिंकता आली नसती, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी पन्नास वर्षांनंतरही तो ऊस त्यांच्या डोळ्यांपुढं उभाच होता. आमच्याकडं परहे टाकल्यापासून धान पुंजण्यात येईपर्यंत माणूस किती वेळा आभाळाकडं बघतो हे ज्यानं पाहिलंय, त्यालाच हे उमगेल. माझ्या मनात त्यांचं सैनिकपण त्या वाक्यात आहे, पदकांच्या पेटीत नाही.

1971 बद्दल ते फारसं बोलले नाहीत. 1979 ला हवालदार म्हणून निवृत्त झाले, पस्तिशीत घरी आले आणि उरलेलं सगळं आयुष्य रोवणी, चुरणा आणि आम्ही नातवंडं.

मी नागपूरला शिकायला गेले तेव्हा रोज रात्री बरोबर आठला त्यांचा फोन यायचा. ‘‘आवाज येते का?’’ ‘‘येतो.’’ ‘‘जेवलीस?’’ ‘‘जेवले.’’ ‘‘ठीक.’’ बस. मैत्रिणींना नवल वाटायचं. परीक्षेत नापास झाले त्या रात्री मला काही बोलता येईना, तर पलीकडून ते म्हणाले, ‘‘बोलू नको. लाइन चालू आहे, मले कळते.’’ आणि फोन कितीतरी वेळ तसाच धरून बसले. मी पलीकडं सपरीतल्या पंख्याची घरघर ऐकत होते.

दर नोव्हेंबरात मी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी न्यायची. एका वर्षी यंत्रावर त्यांचे ठसे उमटेनात. दहाही बोटं लावून झाली. काउंटरवरच्या माणसानं त्यांच्यादेखत मला सांगितलं की यंत्राला हा माणूस सापडत नाही. मला इतका राग आला की मी रडले. आबाजींनी बोटं माझ्या हातात दिली. तारेनं, विळ्यानं, धानाच्या काडीनं घासून शेवटची पेरं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ‘‘पुन्हा येऊ,’’ ते म्हणाले. आम्ही तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी डाव्या अनामिकेचा ठसा लागला.

2022 च्या सप्टेंबरात ते गेले. धान पोटरीत होता. तिरंगा आणला होता गावातल्याच दुसऱ्या एका माजी सैनिकानं, आपल्या पेटीतून, इस्त्री करून. आजीनं त्यांच्या उजव्या हाताची मूठ बराच वेळ उघडू दिली नाही.

पुढच्या पावसाळ्यात चिखलणीच्या ट्रॅक्टरनं विहिरीजवळ तार तोडली. काका म्हणाले, काढून टाकू, आता कोणाला लागते. मी टेप घेऊन गेले. दोन्ही टोकं दातानं सोलली, गाठ मारली, तांबं पिळलं, टेप गुंडाळली. मग धुऱ्यावर जाऊन डोळे मिटले आणि तार मुठीत सैल धरून सपरीकडं चालू लागले. त्यांनी दिलेल्या दोन जोडांवरून हात नुसता सरकून गेला. माझा जोड हाताला अडला, खडबडीत लागला. मी तिथंच उभी राहून तो सोडला आणि पुन्हा बांधला.