शंभर रुपयांचा कॅमेरा आणि तीन अटी

१/ वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधील बापूकुटी आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष नसली तरी छायाचित्रांत पाहिलेली असते. मातीच्या भिंती, बांबूचे छत, बसकी बैठक. गांधीजींच्या येथील दिवसांची सर्वांत जवळून घेतलेली छायाचित्रे एकाच तरुणाने टिपली. हा थ्रेड त्या तरुणाविषयी, त्याच्या कॅमेऱ्याविषयी आणि त्या कॅमेऱ्यावर घातलेल्या तीन अटींविषयी. 🧵

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९३० साली दांडीयात्रेला निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही, असा निश्चय गांधीजींनी केला होता. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. याच रेल्वेमार्गावर दुसरे, गजानन महाराजांचे शेगाव असल्याने टपाल भलतीकडे जाई. म्हणून १९४० मध्ये या खेड्याचे नाव ‘सेवाग्राम’ झाले.

३/ कनू गांधी (१९१७–१९८६) हे गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव, म्हणजे नात्याने चुलतनातू. आश्रमातच वाढलेले. पत्रव्यवहार आणि हिशेब यांत ते बापूंना मदत करीत. छायाचित्रणाचे वेड त्यांच्या डोक्यात घातले ते विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी. कनूंनी बापूंकडे कॅमेरा मागितला. उत्तर मिळाले, आश्रमाकडे त्यासाठी पैसे नाहीत.

४/ कनूंनी हट्ट सोडला नाही. अखेर गांधीजींनीच घनश्यामदास बिर्ला यांना शब्द टाकला आणि बिर्लांनी शंभर रुपये दिले. त्यातून एक रोलीफ्लेक्स कॅमेरा व फिल्मचा एक रोल आला. कॅमेरा हाती पडला, पण मोकळ्या हाताने नव्हे. बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला ‘असे बसा, तसे बघा’ म्हणायचे नाही, आणि या छंदाचा खर्च आश्रम करणार नाही.

५/ या अटींचे वजन कळण्यासाठी यंत्र समजून घ्यावे लागते. रोलीफ्लेक्स हा जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे तयार होणारा, दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून दृश्य पाहायचे, खालच्या भिंगातून ते फिल्मवर उतरायचे. कॅमेरा डोळ्याला लावीत नसत, पोटाशी धरीत. छायाचित्रकार मान खाली घालून काचेवरचे चित्र न्याहाळी, आणि तेही डावे-उजवे उलटलेले. समोरचा माणूस उजवीकडे सरकला, की काचेवर तो डावीकडे सरके.

६/ या रचनेचा एक लाभ होता. कॅमेऱ्यातील आरसा स्थिर असल्याने शटरचा आवाज अगदी हलका होई. शिवाय यंत्र चेहऱ्यासमोर येत नसे. प्रार्थनेत किंवा सूतकताईत रमलेल्या माणसांमध्ये कोणाचेही लक्ष न वेधता वावरण्यासाठी याहून सोयीचा कॅमेरा त्या काळी क्वचितच असेल.

७/ मात्र पहिली अट जाचक होती. त्या काळची फिल्म आजच्या मानाने फार मंद. तिला भरपूर उजेड लागे. कुटीतला उजेड दारा-खिडक्यांतून येईल तेवढाच. शटर अधिक काळ उघडे ठेवावे, तर हलणारा हात पुसट होई. कमी काळ ठेवावे, तर चित्र काळवंडे. तुलनेसाठी, १९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी घेतलेले गांधीजी व चरख्याचे जगप्रसिद्ध छायाचित्र आठवावे. त्यांना मोजके का होईना, फ्लॅशचे बल्ब वापरता आले होते. घरच्या छायाचित्रकाराला तेवढीही सवलत नव्हती.

८/ दुसऱ्या अटीने चित्रांची भाषाच घडवली. ‘इकडे पाहा’ म्हणता येत नसल्याने कनूंना वाट पाहावी लागे. त्यामुळे त्यांचे गांधीजी बहुधा कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. ते चालतात, लिहितात, रेल्वेच्या डब्यातून हात पुढे करून हरिजन फंडासाठी पैसे गोळा करतात. सेवाग्रामात कुष्ठरोगी विद्वान परचुरे शास्त्री यांच्याजवळ असलेले गांधीजी आपल्याला दिसतात, तेही याच मालिकेत. तेथे पवित्रा नाही, काम आहे.

९/ तिसरी अट पैशांची. १२० क्रमांकाच्या एका रोलवर चौरस आकाराची बाराच चित्रे निघत. प्रत्येक चित्राची किंमत कनूंना स्वतः भरायची होती. ती त्यांनी वृत्तपत्रांना छायाचित्रे विकून उभी केली. बारातील एक फुकट गेले, तर ते स्वतःच्या खिशातून गेले.

१०/ ही काटकसर फिल्मबरोबर संपली, असे मात्र नाही. १९९४ साली अ‍ॅपलने सामान्य ग्राहकांसाठी ‘क्विकटेक १००’ हा डिजिटल कॅमेरा आणला. त्यात ६४० × ४८० बिंदूंची अवघी आठ चित्रे मावत. काढलेले चित्र पाहण्यासाठी मागे पडदा नव्हता. नकोसे तेवढे एकच चित्र पुसण्याची सोयही नव्हती. म्हणजे त्याच्या मालकापुढे कनूंच्या बारांहूनही चार चित्रे कमी होती आणि प्रश्न तोच होता: हा क्षण खर्च करण्याजोगा आहे का? आज आपल्याला तो प्रश्न पडतच नाही.

११/ परंतु या कॅमेऱ्याची खरी कसोटी फिल्म किंवा उजेड यांची नव्हती. फेब्रुवारी १९४४. पुण्याचा आगाखान पॅलेस. स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या आणि शुश्रूषेसाठी कनूंना तेथे राहण्याची परवानगी मिळाली होती. बांनी बापूंच्या मांडीवर डोके ठेवलेले असताना छायाचित्र घेण्यास गांधीजींनी मनाई केली. २२ फेब्रुवारीला बा गेल्या.

१२/ इतिहासाचा अभ्यासक येथे क्षणभर अडखळतो. एक अमूल्य साधन आपल्या हातून गेले, असे त्याला वाटते. पण त्या खोलीत मरणारी व्यक्ती कोणाची पत्नी होती आणि कॅमेरा धरणाऱ्याला तिने घरचे मूल म्हणून वाढवले होते. जे चित्र नाही, तेही त्या घराविषयी काही सांगते. रिकामी जागा हाही पुरावा असतो; तो वाचायला फक्त अधिक संयम लागतो.

१३/ दुसरी रिकामी जागा ३० जानेवारी १९४८ ची. दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या बापूंचा एक हात मनूच्या, तर दुसरा आभाच्या खांद्यावर होता. आभा या कनूंच्या पत्नी. स्वतः कनू त्या वेळी दूर नौखालीत, बापूंनीच सोपवलेल्या कामावर होते. दहा वर्षे सावलीसारखा राहिलेला कॅमेरा त्या संध्याकाळी तेथे नव्हता.

१४/ कनूंचे नाव पुढे फारसे चर्चेत राहिले नाही. त्यांची चित्रे जगभर छापली गेली, पण चित्रकाराचे नाव अनेकदा गळाले. २०१५ मध्ये दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांच्या कामाचे पुस्तक काढले, तेव्हा नव्या पिढीला ते कळले.

१५/ सेवाग्रामला जाल तेव्हा बापूकुटीत थोडे थांबा. खिडकीतून नेमका किती उजेड आत येतो, ते पाहा. तेवढ्याच उजेडात, बारा चित्रांच्या हिशेबात, कोणालाही ‘इकडे बघा’ न म्हणता कनू गांधींनी आपल्यासाठी एक दशक जपून ठेवले आहे.