मिसळीचा निकाल मटकीवर

मिसळ कुठली चांगली, हा वाद मराठी माणसाला कधी शिळा वाटत नाही. लग्नघर असो की रेल्वेचा डबा, कुणीतरी सहज म्हणतं, "मिसळ खावी तर फडतरेंकडे," आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातून निघालेलं बोलणं चोरगे, बावडा असं फिरत पुण्याच्या मुंजाबाच्या बोळात बेडेकरांपाशी येतं, ठाण्याच्या मामलेदार कचेरीला शिवतं आणि नाशिकच्या पापड-दह्यापाशी जाऊन अडतं. नागपूरचं कुणी हजर असेल तर तर्री-पोह्यांची बाजू घेऊन ते सगळ्यांनाच मोडीत काढतं. आमच्या घरात हे दर दिवाळीला होतं. माझं माहेर कोल्हापूरचं, सासर पुण्याचं आणि नणंद नाशिकला दिलेली. फराळाला बसलं की धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, तुमच्याकडे कट फक्कड असतो हो, पण खाली उसळ असते का?" नणंदेचे यजमान पापडाशिवायच्या मिसळीला मिसळ म्हणायलाच तयार नसतात. मग चकल्या बाजूला राहतात आणि कुणाचं कुठे चुकतं याचा खल सुरू होतो.

मला हा खल मनापासून आवडतो. खाण्याबद्दल ठाम मत असावंच. ज्याला मत नाही त्याच्या पानात काहीही वाढून चालतं. पण दिरांनी चिडवायला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणीच धड देत नाही, आणि मिसळीच्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. आपण बोलतो ते रश्श्याबद्दल. कट किती लाल होता, तर्री किती बोटं होती, नाकाडोळ्यांतून पाणी आलं की नाही, घाम कुठून फुटला. मटकीबद्दल कोण बोलतं? मिसळ ही मुळात उसळ आहे. तिच्यावर फरसाण पडतं, कांदा पडतो, लिंबू पिळलं जातं, रस्सा ओतला जातो; पण हे सगळं जिच्यावर पडतं ती उसळच बेचव असेल तर त्या ताटलीला चांगलं म्हणायला मी तयार नाही.

तिखटाचं एक सांगायला हवं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं तसं तिखट कळत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहकाला चेतवतं, आणि तो ग्राहक मुळात उष्णतेचा आहे, साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखणारा. म्हणून तिखट खाल्लं की तोंड 'भाजतं'. शरीराच्या लेखी ते भाजणंच असतं. डेव्हिड ज्युलियस यांनी कॅप्सेसिनच्याच मदतीने हा ग्राहक शोधला आणि २०२१ साली आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे कळल्यापासून जहाल मिसळ रिचवण्याच्या पैजा मला फारशा रुचत नाहीत. ती सोसण्याची परीक्षा आहे. कुणाला त्यात आनंद मिळत असेल तर जरूर घ्यावा, पण तिच्यावरून पदार्थाची चव ठरवू नये.

मी हे कोल्हापूरची असून म्हणते आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणायची पद्धत. बाहेरचे तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, घरात ती नुसती चटणी. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी स्वादासाठी आणि लवंगी, ज्याला सोसेल त्याच्यासाठी. त्या तिन्हींचं प्रमाण घराघरात वेगळं असतं आणि ते ठरवताना आई जेवढा विचार करायची तेवढा तिने दागिने घेताना केला नसेल. चटणीत सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, तळलेला कांदा. चांगल्या कटात हे सगळं लागलं पाहिजे. खोबऱ्याचा खमंगपणा आधी, मग लसूण, आणि तिखट सावकाश मागून. पहिल्याच घोटाला नुसता ठसका लागला तर समजावं की मिरची ओतली आहे, मसाला भाजायला वेळ दिलेला नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नये. ब्याडगी दिसायला लालभडक आणि खायला सौम्य असते. तर्री वर येते ती तेलामुळे. मसाला तेल सुटेपर्यंत परतला, आधणाचं पाणी घातलं आणि मंद आचेवर ठेवला की लाल तेल वर तरंगतं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यापेक्षा तेलात विरघळतात, म्हणून पळी वरून बुडवली तर जाळ आणि खालून ढवळून घेतली तर रस्सा. याच कारणाने तिखट लागल्यावर पाणी पिऊन भागत नाही. दह्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश ते काम करतात. नाशिककरांनी मिसळीशेजारी दह्याची वाटी ठेवली, ती शहाणपणाने ठेवली आहे. मिसळीवर कडकडीत चहा घेणाऱ्यांचं मात्र मला नवल वाटतं. जो ग्राहक आधीच पेटलाय त्याच्यावर आणखी उष्णता! ताक घ्या.

आता मटकी.

मिसळीच्या ताटलीकडे जरा नीट बघा. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेकडून आली. बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणा मुळात तिकडचेच. पाव पोर्तुगिजांचा. म्हणजे 'आमची अस्सल, परंपरागत मिसळ' म्हणताना आपण ज्याच्या जिवावर म्हणतो त्यातलं बरंचसं समुद्र ओलांडून आलेलं आहे. मटकी मात्र इथली. तिचं मूळ याच उपखंडातलं. जमिनीलगत पसरणारं, थोडक्या पाण्यावर तग धरणारं पीक. देशात सर्वाधिक राजस्थानात होतं आणि आपल्याकडे कोरडवाहू भागात बाजरीत आंतरपीक म्हणून घेतात. पसरलेला वेल माती झाकतो, धूप थांबवतो. जिथे दुसरं काही उगवायला कांकू करतं तिथे हे येतं. एवढ्या गुणाच्या दाण्याला आपण रश्श्याखाली दडवून ठेवलं आहे.

आणि तिच्यावर मेहनत किती! माझी आत्या मटकी निवडायला बसायची तेव्हा ताट उन्हाकडे धरायची, कारण खड्याचा रंग मटकीच्या रंगात मिसळून जातो. काही दाणे भिजतच नाहीत, खड्यासारखेच कडक राहतात. आमच्याकडे त्यांना गणंग म्हणतात. भिजवून झाल्यावर आत्या पाण्यातच हात फिरवून ते बोटांनी हुडकायची. आठ-दहा तास भिजलेली मटकी पंच्यात बांधायची, वर ताट, ताटावर वजन. उन्हाळ्यात रात्रीची सकाळी मोड घेऊन तयार. थंडीत एक दिवसही पुरत नाही, मग ते गाठोडं चुलीच्या उबेला सरकायचं. मोड किती लांब हवेत यावर आत्याचं मत पक्कं होतं: दाण्याहून थोडेसेच मोठे. फार लांब झाले की दाण्यातला गोडवा त्यांनी खाल्लेला असतो, उसळ पाणचट लागते. आखूड राहिले तर पिठूळ. मोड येताना पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात आणि क जीवनसत्त्व वाढतं, हे शास्त्र तिला माहीत नव्हतं. पण बिनमोडाची मटकी लेकरांना द्यायची नाही, हे माहीत होतं.

शिजवणं तर त्याहून नाजूक. मटकी बोटचेपी हवी. चिमटीत धरली की दबली पाहिजे पण साल सुटता कामा नये, मोड तुटता कामा नये. घाईच्या वेळी कुकर लावतात किंवा चिमूटभर सोडा टाकतात. सोड्याने ती लवकर शिजते खरी, पण तोंडात बुळबुळीत लागते आणि मागे साबणासारखी चव राहते. कऱ्हाडकडच्या एका लहानशा हॉटेलात मी मालकाला उसळीच्या पातेल्याशी उभं असलेलं पाहिलं आहे. पळीवर चार दाणे काढून फुंकर मारायची, एक अंगठ्याखाली दाबायचा, एक खायचा, आणि लगेच पातेलं उतरवायचं. "अजून दोन मिनटं ठेवली तर रस्सा घातल्यावर पीठ होतंय," ते म्हणाले. रश्श्यात उतरल्यावर ती आणखी शिजणार, हा हिशेब त्यांनी आधीच धरला होता. त्यांची उसळ मी आधी नुसतीच खाल्ली. हळद, हिंग, कढीपत्ता, थोडी चटणी, मीठ आणि मटकीचा स्वतःचा मातकट गोडवा. मिसळ म्हणजे काय, ते मला त्या ताटलीत कळलं.

असे पातेल्याशी उभे राहणारे लोक कमी होत चालले आहेत आणि त्याचा दोष मी एकट्या हॉटेलवाल्यांना देणार नाही. तो आपल्याकडेही येतो. आपण खवय्ये म्हणवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कौतुक केलं ते तर्रीचं. मग हॉटेलवाल्याने काय करावं? रस्सा वाढवणं स्वस्त असतं: पाणी, तेल, मसाला. मटकी महाग, शिवाय निवडा, भिजवा, बांधा, मोड काढा, जपून शिजवा. आज मोड येईल की नाही हे हवेवर. गिऱ्हाईक ज्याला वाहवा म्हणतं तेच तो वाढणार. म्हणून 'अनलिमिटेड रस्सा' अशी पाटी लागते आणि ताटलीत खाली मूठभर मटकी, त्यावर फरसाणाचा डोंगर. चूल दिसेल अशी मांडली जाते, मडकं येतं, चीज किसलं जातं, थाळीत जिलेबी आणि गुलाबजाम येतात. चुलीवर शिजवण्याला माझी ना नाही. धुराचा वास रश्श्याला शोभतोही. पण चुलीवर आहे काय, ते आधी सांगा.

दादरच्या आस्वादची मिसळ २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, तेव्हा माझ्या माहेरी नाकं मुरडली गेली. "तिखट तरी आहे का ती?" जगात सर्वांत चविष्ट कोण हे एका पुरस्काराने ठरत नाही, हे मलाही मान्य. पण तिखट नाही म्हणून मिसळ नाही, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही. पुण्याकडची गोडसर मिसळ, खाली पोहे, बटाट्याची भाजी, गोडा मसाला, गुळाचा खडा. ती कोल्हापूरची नक्कल नव्हेच, तिला तिच्याच मापाने मोजायला हवं. मुंबईकडे पांढऱ्या वाटाण्याचीही करतात, नागपूरला हरभऱ्याची तर्री पोह्यांवर येते. कडधान्य बदललं तरी प्रश्न तोच: दाणा नीट शिजलाय का, त्याला स्वतःची चव आहे का? पाव की स्लाइस, यावर माझं मत विचाराल तर स्लाइस. ती कट झटकन शोषते आणि मसाल्याच्या आड येत नाही. पण त्यावर भांडायला मी बसणार नाही. फरसाण मात्र ताजं हवं. खवट तेलाचा एक घास अख्ख्या पातेल्याच्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

तेव्हा दिरांना माझं उत्तर असं आहे: असते, आमच्याकडे उसळ असते, पण पूर्वीइतकी सगळीकडे नसते, आणि पुण्यातही नसते. पुढच्या वेळी मिसळ मागवाल तेव्हा एवढं करा. कट आणि फरसाण वेगळं मागा. पहिले दोन घास नुसत्या उसळीचे घ्या. मटकी चांगली असेल तर गल्ल्यावर पैसे देताना "कट भारी होता"च्या ऐवजी "मटकी छान शिजली होती" असं म्हणा, आत निवडायला बसलेल्या बायकांपर्यंत पोचेल अशा आवाजात. लगदा झाला असेल तर तेही सांगा.